तासाभराचं कोल्हापूर

पहाटे जावयांचा फोन आला. कोल्हापूरला माझ्या धाकट्या बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. लग्नानंतर कित्येक वर्षांनी राहिलेलं पहिलंच मूल. आई आदल्या दिवशीच जाफराबादहून माझ्याकडे जालन्याला आली होती, दोन आठवड्यांनी बहिणीकडे जायचं म्हणून.

मी मोबाइलवर संभाजीनगर ते कोल्हापूर विमान शोधलं. एका पानावर लिहिलेलं होतं, अंतर पावणेचारशे किलोमीटर, वेळ एक तास. मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं तेवढ्यात पिशवी भरलीसुद्धा.

पुढे कळलं की तो नुसता हिशेब होता, नकाशावर सरळ रेघ ओढून केलेला. दोन्हीकडे विमानतळ होते, पण एकावरून दुसऱ्याकडे जाणारं विमान नव्हतं. मुंबईवरून जायचं म्हटलं तर दुसरा दिवस उजाडणार होता. आईला हे पटेना. तिचं म्हणणं, फोनात लिहिलंय म्हणजे कुणीतरी जातच असेल.

शेवटी एसटीनं निघालो. बीडपर्यंत आई सीटच्या कडेला बसून होती, पुढचा थांबा आपलाच असल्यासारखी. मी सारखा फोन लावत होतो. जावई उचलत नव्हते. बीडला गाडी बदलली. मी चहा आणला, तिनं तो खिडकीतून ओतून दिला. ड्रायव्हरला जरा जल्दी घ्यायला सांग, असं ती मला दोनदा म्हणाली. मी सांगितलं नाही. रस्त्याचं काम चालू होतं, ते तिलाही दिसत होतं.

सोलापूरच्या स्टँडवर फोन वाजला. मुलगी झाली होती. वजन कमी, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. बहीण बरी होती. मी आईला सांगितलं. तिनं मान हलवली आणि कोल्हापूरची गाडी कुठं लागते ते विचारायला निघून गेली.

पोचायला रात्र झाली, त्यामुळं भेट सकाळी दवाखान्यात झाली. आईनं आधी बाळाला काचेतून पाहिलं, मग बहिणीच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. बहीण हळूच म्हणाली, "माय, यवढ्या लांब का दिलं मला?"

मला वाटलं, आई रडेल. ती म्हणाली, "मानसं चांगली व्हती, बाई. रस्ता कुनी पाह्यला न्हाई तवा."

बहिणीनं तोंड भिंतीकडे केलं. आई खाटेवर बसली आणि तिचे गुंतलेले केस बोटांनी सोडवू लागली. मला तिथं थांबवेना. मी बाहेर व्हरांड्यात येऊन येरझाऱ्या घालत राहिलो. आतून बऱ्याच वेळानं दोघींचं बोलणं ऐकू आलं, दुधाबद्दल, टाक्यांबद्दल. तेव्हा कुठं मी बाकावर टेकलो.