कडू दुधी

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाला, स्नेहलतागंजमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, मी समोर उभी असताना.

आदल्या दिवशी आमरस-पुरी झाली होती, म्हणून आईला शरीराची ‘शुद्धी’ करायची होती. जवळच्या बगिच्यात रोज सकाळी अशा शुद्धीचं शिबिर भरतं. शिकवणारी माझ्यापेक्षा थोडीच मोठी, पण सगळ्या बायका तिला दीदी म्हणतात. तिचं एक वाक्य ठरलेलं, "घर का कचरा रोज गाड़ी में डालते हो ना? गीला अलग, सूखा अलग? तो शरीर का कचरा कौन निकालेगा?" स्वच्छतेत देशात पहिल्या येणाऱ्या आमच्या शहरात ह्याला टाळ्या पडणारच. कचऱ्याची गाडी जरा उशिरा आली तर जीव खालीवर होणारी माणसं आम्ही! लिव्हर आणि किडन्या हे काम जन्मापासून फुकट करतात, असं मी आईला किती वेळा सांगितलं.

"तुझ्या परच्यांनी आजपर्यंत कोणाचं पोट साफ झालं का?" ती म्हणाली. "मग चुप बैस ना."

मी पत्रकं लिहिते आणि चौकात वाटते. पाण्यासाठी, भेसळीविरुद्ध. घरी त्यांना परचे म्हणतात आणि त्यांवर मेथी निवडतात.

त्या सकाळी आईने दुधी सालासकट मिक्सरमधून काढला, पुदिना घातला. मीठ नाही, लिंबू नाही. दीदीचा नियम. एक घोट घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"फार कडू आहे गं आज."

"मग ओतून दे."

"पाडव्याला कडुनिंब खातो, तेव्हा ओततो का?"

आमच्या घरात हे असंच. कडू म्हणजे गुणाचं, आणि एकदा घेतलेलं टाकायचं नाही. लहानपणी मी पाडव्याचा पाला थुंकून टाकला की ती हसत दुसरा घास भरवायची. तरी तिने शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. दीदीचा आवाज लगेच आला, अगदी खुशीत, "बहुत बढ़िया, आंटीजी! कड़वा है मतलब काम कर रहा है. नाक बंद करो और गटक जाओ."

आईने नाक धरलं, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि पेला रिकामा केला.

कडू दुधी विषारी असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. चव वाईट म्हणून मी ओत म्हटलं होतं, एवढंच.

थोड्याच वेळात उलट्या लागल्या, मग जुलाब. मी दीदीला फोन लावला. "अच्छा है, टॉक्सिन निकल रहे हैं. रोकना मत." बाथरूमच्या दाराला धरून आई म्हणाली, "बघ, निघतंय सगळं." पुढच्या उलटीत रक्त होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "लौकी का जूस पिया था? कड़वा?" मी हो म्हटलं. आडनाव कळल्यावर ते मराठीत बोलू लागले, आणि मराठीत ऐकताना जास्तच भीती वाटली. आईचं ब्लडप्रेशर खाली चाललं होतं. ह्यावर उतारा काय, मी विचारलं.

"उतारा नाही, बेटा. सलाइन लावू, प्रेशर सांभाळू, बघत राहू."

बघत राहू! मोर्चात माझा आवाज चौकभर जातो. तिथे मी आईचे गार पाय धरून बसले. ओरडणार कोणावर?

आई वाचली. मी तक्रार घेऊन चौकीत गेले. हवालदाराने पेन उघडलं, "मैडम, नाम किसका लिखें? लौकी का?" बाकावरचे दोघे हसले. मी दीदीचं नाव सांगितलं.

"उसने अपने हाथ से पिलाया?"

"नाही."

"तो?"

पत्रकात आरोपी वर, ठळक अक्षरांत लागतो. इथे माझ्याकडे आरोपी नाही. खुद्द आईच म्हणते, "तिची काय गलती? बिचारी रोज फोन करते. माझीच लौकी खराब निघाली." अजून तिला पेजेपलीकडे काही पचत नाही, बांगड्या कोपरापर्यंत चढतात, आणि सोमवारपासून तिला पुन्हा बगिच्यात जायचंय. मैत्रिणी तिथेच भेटतात ना. "मी नुसती बसेन, पिणार नाही," म्हणते. पण काल फ्रिज उघडला तर खालच्या कप्प्यात नवा दुधी होता.

मी पत्रक काढलं आणि बगिच्यात वाटलं. बायकांनी प्रेमाने घेतलं, आईची तब्येत विचारली, आणि जाताना डब्यात टाकलं. सुक्या कचऱ्याच्या डब्यात, बरोबर.

शिबिर मला बंद करता येत नाही. आईला किती दिवस अडवीन, माहीत नाही. पण हे वाचणाऱ्या तुमच्या घरी कोणी दुधीचा रस पीत असेल, तर आत्ता उठा. त्यांना सांगा, दुधी चिरला की आधी एक कच्ची फोड जिभेला लावायची. जरा जरी कडू लागली तरी थुंकायची, आणि अख्खा दुधी फेकायचा. रस नाही, भाजीही नाही. आणि कडू पिऊन कोणाला उलटी झाली, तर ग्रुपवर विचारत बसू नका. सरळ हॉस्पिटलात न्या.