काकांची चार तुकड्यांची फौज

चाल खेळण्याआधी काका अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत आणि पुटपुटत, "खाणारी तोंडं किती?"

सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत. गाव घोटीजवळ. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. मी दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर, म्हणून ते मला साहेब म्हणत. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर आमचा लढाईचा खेळ चालायचा. दुपारी तीनला पाळी बदलताना एक चाल त्यांची, एक माझी. एकेक डाव महिनोन्‌महिने पुरे.

खेळात प्रत्येक चालीला प्रत्येक तुकडी कोठारातलं धान्य खाते. धान्य संपलं की सैनिक पळून जातात. मला मात्र भरतीचं बटण दिसलं की राहवत नसे. माझी फौज सीमेवर पोचेपर्यंत निम्मी व्हायची. काकांच्या चारच तुकड्या, पण कायम तरतरीत.

"साहेबांची फौज लय मोठी," पॅकिंगवाले हसत, "पण डबा घरी विसरून येती!"

मी सलग चार डाव हरलो. तुम्हीही कधी चारचौघांच्या हसण्यात हरला असाल, तर ते कुठे टोचतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

एकदा काका भाताच्या आवणीसाठी, रोपं लावायला, पंधरा दिवस रजेवर निघाले. जाताना म्हणाले, "माझी चाल तुम्हीच खेळा. भरती करू नका, नुसतं धान्य पोचवा." आपलं राज्य शत्रूच्या हाती देऊन हा माणूस निवांत एसटीत बसला.

मी त्यांच्या नावाने भरती केली. रोज एक तुकडी.

ते परतले तेव्हा कोठार रिकामं होतं, जुने सैनिक पळू लागले होते.

"कोणीतरी बटण दाबलं असेल," मी म्हणालो.

"आसंल."

मग ते रोज एकेक तुकडी मोकळी करू लागले. सगळ्यात लांबची आधी. "त्यांना घरी पोचायला येळ लागंल," म्हणायचे. आठ दिवस मी ते पाहिलं. नवव्या दिवशी मला राहवेना.

"काका, ती भरती मी केली."

त्यांनी मान वर केली नाही. "एवढी भरती करणारा कंपनीत दुसरा हाय कोण?"

मला हसूही येईना. "नवा डाव मांडू. हा तुम्ही जिंकलात."

"नाय. ह्यांना उपाशी ठेवून उठायचं व्हय?" त्यांनी शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. "बसा."

माझ्या कोठारातलं निम्मं धान्य मी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी ते नेमकं वाटलं. ओरडले नाहीत, की माफ केलं असंही म्हणाले नाहीत. ते कधी माझ्या हाती भरती देतील का, एवढंच माझ्या मनात राहिलं.

मागच्या वर्षी निवृत्त होऊन ते गावी गेले. डाव मात्र मोडला नाही. दर शनिवारी मोबाइलवर त्यांची चाल येते आणि मी ती खेळतो. वर्षभर एकच मजकूर होता: 'भरती नको. धान्य पोचवा.' मी तसंच करत आलो.

गेल्या शनिवारी मेसेज आला: 'आता कोठार भरलं असंल. दोन तुकड्या भरती करा. कुठल्या, ते तुम्हीच ठरवा.'

स्टोअरमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी कोठार बघितलं. तिसरी तुकडीही पोसली गेली असती.

मी दोनच केल्या.