थिओडोलाइटचं गोत्र

छातीत दुखतं म्हणून अण्णांना दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवताच अण्णांनीच त्यांना प्रश्न टाकला. ग्रीकमध्ये ‘स्टेथोस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोप’ म्हणजे पाहणं. मग तुम्ही यातून ऐकता कसे? डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, “स्वल्प सुम्मनिरी.” जरा गप्प बसा. अण्णा गप्प बसले, पण दुखावले. छातीतलं दुखणं गॅसचं निघालं.

अण्णा माझे बनशंकरीतले घरमालक. सर्वेक्षणाची यंत्रं दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. “नाव सोलल्याशिवाय वस्तू वापरू नये,” असं त्यांचं म्हणणं. घरात मायक्रोवेव्ह आला त्या दिवशी अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कपभर दूध गरम करायला अर्धा तास थांबावं लागलं.

एकच नाव त्यांना सोलता आलं नव्हतं, आणि तेही ज्यावर पोट भरलं त्याचंच. थिओडोलाइट, जमिनीची मोजणी करताना कोन मोजायची ती तिपाईवरची दुर्बीण. हा शब्द कुठून आला हे कुठलाच कोश खात्रीनं सांगत नाही. जावयाचं गोत्र ठाऊक नसावं तसं अण्णांना ते सलत असे.

बसवनगुडीतल्या एका मराठी मंडळानं यंत्रांच्या नावांवर त्यांचं व्याख्यान ठेवलं. नंतर सत्कार. आदल्या दिवशी अध्यक्ष घरी येऊन सुचवून गेले की थिओडोलाइट म्हणजे मूळचं आपलं ‘देवतुला’ असं ठोकून द्या, लोक खूश होतील. अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

व्याख्यान छान रंगलं. शेवटी थिओडोलाइट आलं, तसे अध्यक्ष शाल घेऊन पुढे सरकले. अण्णा पाणी प्याले.

“या यंत्रानं मला जेवू घातलं,” ते म्हणाले. “त्याच्या नावाचा अर्थ मला माहीत नाही.”

आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की दुखवटा पाळावा, हे सभागृहाला कळेना. शाल मिळाली, बोलावणं पुन्हा आलं नाही. परतताना रिक्षात मी विचारलं, मोह झाला नाही का? फार झाला, असं त्यांनी कबूल केलं.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ठाऊक नसलेलं काही विचारलं, की मी सरळ माहीत नाही म्हणतो. यंदाही बढती हुकल्याचं परवा अक्कांना सांगितलं. त्यांनी न विचारता ताट वाढलं.

“ह्यांचीही उशिराच झाली होती,” त्या म्हणाल्या.