कपाळावरची पांढरी रेघ

तुळसाच्या बोटातून रक्त आलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, गळ लागला. पण गळ माशाच्या तोंडातच होता. बोट कापलं होतं ते माशाच्या गालाने.

दिवा गावाच्या अलीकडे, खाडीच्या काठाला लागून तिचं गाव. आगगाडी गावाजवळून धावायला लागल्याला तीस वर्षं होऊन गेली होती. गावाची खाचरं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध होता. बांधाच्या आत भात, भाताच्या कडेला गोड्या पाण्याचं तळं. नवरा वारल्यावर त्याची गळाची काठी तुळसाने उचलली, आणि तळ्यातला मासा न् मासा तिच्या ओळखीचा झाला. हा मात्र ओळखीचा नव्हता. बोटाएवढा, तपकिरी, अंगभर डाग, आणि तोंडापासून थेट मानेपर्यंत कपाळावर एक पांढरी रेघ.

तिने तो मडक्यात सोडला. नाव माहीत नसलेला मासा चुलीवर चढवायचा नाही, हा तिच्या सासूचा नेम.

बांधाची देखरेख महिपतकडे होती. नात्याने तो तिचा चुलत दीर. तो तिथूनच चालला होता, त्याने मडक्यात डोकावून पाहिलं.

"मरळीचं पिल्लू हाय, वयनी. रश्श्यात टाक."

"मरळ मी आज बघते का, भावजी? तिच्या गालाला धार नसते."

"मग पूज त्याला! देव्हाऱ्यात ठेव!" महिपत हसत निघून गेला.

तुळसाला हसू आलं नाही. तळ्यात कधी नव्हता तो मासा आला कुठून? दोन दिवस ती घरात बसली की उठायची, उठली की मडक्यापाशी जायची. लेक भिवा जेवायला बसला तरी तिचं लक्ष मडक्याकडेच. भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती आणि सर्वपित्री अमावस्या चार दिवसांवर होती. वर्षातलं मोठं उधाण त्या दिवशी यायचं. सात वर्षांमागे अशाच उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि पुढली दोन वर्षं काही पिकलं नाही. तेव्हा थोरला गणू मुंबईच्या बंदरावर हमालीला गेला. पटकीच्या साथीत तिकडेच संपला. घरी आला तो फक्त निरोप. आता भिवाही म्हणायचा, "औंदा भात गेलं तर मीपन बंदरावर जाईन." तो सहज म्हणायचा. ती मात्र प्रत्येक वेळी हातातलं काम खाली ठेवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मडकं घेऊन गोदाबायकडे गेली. गोदाबायने तरुणपणी नवऱ्याबरोबर खाडीच्या तोंडाशी जाळी लावली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिने पाण्यात हात घालून मासा मुठीत धरला. शेपटावरून अंगठा फिरवला.

"शेपूट गोल. खालचा जबडा पुढं." मग नख गालावरून नेलं आणि झटक्याने हात मागे घेतला. "मेल्या, अजून चावतोस व्हय! तुळसे, कपाळाला पांढरी रेघ हाय काय गो?"

"हाय."

"जिताड्याचं पोर हाय ह्ये."

"काहीतरीच काय, बाय! जिताडा चांदीसारखा पांढरा. बाजारात काय कमी बघितले मी?"

"बाजारात मोठा येतो. पोराचं जावळ उतरतं ना, तसे ह्याचे डाग न् रेघ मोठेपनी जातात. खाडीच्या तोंडाशी जन्मतो आन् मग गोडं पानी हुडकत आत येतो." म्हातारी एकदम थांबली. "कुठं गावला तुला?"

"तळ्यात."

बांधाच्या आतल्या तळ्यात खाडीचं पोर आलं, म्हणजे त्याला बांधातून कुठेतरी वाट मिळाली होती.

तुळसाने हे सांगितल्यावर महिपतने तळ्यावर येऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, खळखळून थुंकलं. "गोड हाय. एका बोटभर माशासाठी गाव गोळा करू? लोक मना हसतील."

"वरचं चाखलं तुमी. पावसाचं पानी वर तरंगतं, खारं तळाला बसतं. मासा मी तळातून काढलाय."

"वयनी, घरी जा."

ती घरी गेली नाही, बांधावर गेली. भरती चढत होती. बाहेरच्या अंगाला पाणी पोटरीभर उंच आलेलं. ती आतल्या अंगाने, एकेक पाऊल तपासत, चालत राहिली. कुठेच काही नाही. मधेच तिला वाटलं, महिपत म्हणतो ते खरं असेल, म्हातारीला दिसत तरी काय? तरी ती वळली नाही. पार टोकाला, गवत दाट होतं तिथे, तिच्या पायाला गार लागलं. गवत उपसलं. खेकड्यांनी पोखरलेलं भोक मनगटाएवढं झालं होतं आणि त्यातून पाणी बुडबुडत आत येत होतं. तिने बोट बुडवून जिभेवर ठेवलं. खारट.

तिने पदराचा बोळा भोकात कोंबला, त्यावर टाच रोवली आणि बोंब मारली.

गावाचा रिवाज होता, बांधाला धोका झाला की घरटी एक माणूस फावडं घेऊन यायचा. पहिला आला भिवा. मागून महिपत, मान खाली घालून. कुदळीने उकरल्यावर कळलं, बांध आतून हातभर पोकळ झाला होता.

"हे उधाणाला टिकलं नसतं," महिपत म्हणाला. मग हळूच, "मासा जिता हाय का गो?"

"रश्श्यात टाकायचा व्हता ना?"

पेंढा आणि चिकणमाती घालून दोन दिवस बांध ठेचला. अमावस्येच्या दुपारी खाडी बांधाच्या माथ्याशी येऊन टेकली. सगळे काठावर उभे होते; तुळसा नव्या मातीवर हात टेकून बसली होती, हाताला ओल लागते का ते बघत. पाणी उतरलं तेव्हा हात कोरडाच होता.

मासा तिने तळ्यात सोडला. भात झोडून झालं, कणगी भरली आणि भिवाने बंदराचं नाव काढलं नाही. तरी तुळसाला स्वस्थता अशी लागलीच नाही. म्हातारी होईपर्यंत, कोणीही गळाला लागलेला मासा नेताना दिसला की ती दारातून हाक मारायची, "थांब रं, कपाळ बघू दे."