चारशे ऐंशी चांदीची पानं

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, एवढी वर्षं झाली, सोडून दे. त्यांचं काय जातं म्हणायला? बारामतीच्या बाजारात तो समोरून आला तर मी रस्ता बदलत नाही. त्यालाच बदलायला लावते.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. बारामतीत खताच्या दुकानाच्या वर एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं मी शिकवायला होते. मशीन पाच. त्यातलं एक कायम कापडाखाली झाकलेलं, कारण ते बंद आहे हे पालकांना कळू द्यायचं नव्हतं. शिकवणारी मी एकटीच. आमच्या वरकुट्यात मुक्कामाला थांबणारी एसटी पहाटे सुटायची. इंदापूरला गाडी बदलून मी पावणेआठला क्लासचं कुलूप काढायचे, आणि पहिली बॅच यायची साडेनऊला. मालकांना सगळे सर म्हणायचे. त्यांचा एक भाचा होता, पिंपळीचा, बागायतदाराघरचा. फी गोळा करणं हे त्याचं काम आणि मोटारसायकलची किल्ली बोटात गरगर फिरवणं ही त्याची कला.

सरांनी त्या वर्षी इंटरनेटचे तास एकरकमी विकत घेतले होते. पण ईमेल पाठवायचा कुणाला? बारामतीत ज्याला पाठवायचा तो हाकेच्या अंतरावर. तास वर्षअखेर वाया जाणार हे दिसल्यावर सर मला आणि भाच्याला म्हणाले, वापरा काय ते, पण दोघांनी मिळून दिवसाला तीन तासांच्या वर नको.

भाच्याच्या पुण्यातल्या एका मित्रानं त्याला खेळाचा पत्ता दिला. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील असा खेळ. काळा पडदा, पांढरी इंग्रजी अक्षरं, चित्र एकही नाही. ‘उत्तरेकडे’ असं इंग्रजीत टाइप केलं की पडदा सांगायचा, तू आता दलदलीत आहेस, बेडूक टपून बसले आहेत. ‘मार’ म्हटलं की लढाई. आणि त्याच दलदलीत त्याच वेळी कुठल्या कुठल्या देशांतली माणसं फिरत असायची, आपल्याशी बोलायची. माझं इंग्रजी पुस्तकानं नाही, त्या बेडकांनी सुधारलं.

दोघांत एकच गडी करायचा असं ठरलं, कारण दोन कमकुवत गड्यांपेक्षा एक दांडगा बरा. भाच्यानं त्याला मिशा दिल्या, तलवार दिली. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो. तर रोज सकाळी पावणेआठ ते सव्वानऊ मी मिशावाला पैलवान, आणि संध्याकाळी दीड तास तो.

वाटणी कशी करायची, हे विचारल्यावर मीच म्हणाले, “सामाईक विहिरीवानी बारी धरू. सकाळ माझी, संध्याकाळ तुमची.” तो लगेच हो म्हणाला. मला माझ्याच शहाणपणाचं केवढं कौतुक वाटलं! या शब्दांसाठी मी आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं अशी माझी लायकी आहे.

मग त्या खेळात सुगीचा उत्सव आला, महिनाभराचा. एरवी काही मारलं की सोन्याची नाणी मिळायची. उत्सवात त्यावर बोनस म्हणून कधी कधी एक चांदीचं पान पडायचं. ही पानं फक्त उत्सवाच्या दुकानात चालायची, दुसऱ्याला देता यायची नाहीत, आणि शेवटच्या दिवशी उरतील त्यांची माती व्हायची. दुकानात झूल होती, घोडा होता, आकाशात उडवायची दारू होती. आणि सगळ्यात महाग, पाचशे पानांना, एक घर होतं.

घर म्हणजे काय, तर बारा ओळी. बारा ओळींत आपण आपल्या घराचं वर्णन लिहायचं, आणि तो खेळ चालेल तोवर जगातला जो कुणी त्या दारात येईल त्याला ते वाचायला मिळणार. मला दुसरं काही नको होतं. भाच्याला विचारलं. तो म्हणाला, “घ्या की मॅडम घर. आमाला काय, घरं लई हायेत.”

माझ्या बारा ओळी पहिल्याच आठवड्यात तयार होत्या, हजेरीवहीच्या मागच्या पानावर. मला आमचा वाडा लिहायचा होता. वाडा म्हणजे दगडी नव्हे, आमच्या मेंढपाळांत मेंढरांच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. उघड्या रानात चारी बाजूंनी जाळी लावायची, आत मेंढरं, एका कोपऱ्यात चूल. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षांपूर्वी कळप लोणी भापकरच्या एकाला विकला होता. जिथं चारायचो तिथं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात मेंढरू घातलं की ऊसवाला कुऱ्हाड घेऊन येतो. गावात सगळे म्हणाले, बरं झालं, सुटलात भटकंतीतून. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. त्या बारा ओळींत जाळी होती, चुलीचा धूर होता, पहाटे कोकरांना आयांकडे सोडल्यावर उठणारा बें-बेंचा कालवा होता. शेवटची ओळ माझ्या सगळ्यात आवडीची होती: येणाऱ्याजाणाऱ्याला इथं पाणी आहे.

पानं गोळा करायची माझी रीत घरचीच. आबा म्हणायचे, एका रानात कळप बसून राहिला की तिसऱ्या दिवशी माती चाटतो. खेळातही तसंच होतं. बेडूक मारले की दलदल ओस पडायची, पुन्हा भरायला वीस मिनिटं लागायची. सगळे तिथंच बसून वाट बघायचे. मी बसत नव्हते. दलदल, मग पडकी गिरणी, मग थडगी, मग नदीचा उतार, आणि फिरून येईतो दलदल भरलेली. एका सकाळी अठरा-वीस पानं पडायची. भाचा मात्र एका गुहेच्या तोंडाशी उभा राहायचा, कॅनॉलच्या दारावर उभं राहावं तसा, आणि जे आपणहून बाहेर येईल ते मारायचा. त्याला चार पडायची. त्याचं मला काही वाटत नव्हतं. लागवड त्यांची, वणवण आमची, हे मला जन्मापासून पाठ होतं.

उत्सव संपायचा होता सोमवारी. शनिवारी सकाळी माझी बारी संपली तेव्हा पैलवानाकडं चारशे ऐंशी पानं होती. वीस कमी. रविवारी क्लास बंद. संध्याकाळी भाच्याची चार पडली की उरलेली मी सोमवारी सकाळी सहज पाडणार होते. एसटीत बसून मी त्या बारा ओळी इंग्रजीत पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेजारच्या बाईंना वाटलं स्तोत्र म्हणते आहे, त्यांनी सरकून जागा दिली.

सोमवारी मशीन सुरू केलं. पैलवान उभा राहिला. पानं, शून्य.

मला वाटलं मशीन चुकलं. बंद करून पुन्हा चालू केलं. शून्य. तेवढ्यात फिनलंडची एक बाई, जी रोज सकाळी गिरणीपाशी भेटायची, तिनं मला विचारलं, “तो तुमचा राजा आहे का?”

कोण राजा? मग तिनं सांगितलं. शनिवारी पैलवानानं उत्सवाची दारू उडवली होती. वीस पानांना एक बाण. बाण वर गेला की खेळातल्या झाडून सगळ्यांच्या पडद्यावर आपण लिहू ती ओळ उमटायची. पैलवानानं एकापाठोपाठ एक चोवीस बाण उडवले, आणि चोवीसही वेळा एकच ओळ. तिनं ती जशीच्या तशी पाठवली. इंग्रजी अक्षरांत आपलं मराठी: सोसायटीच्या संचालकपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल दादांचे हार्दिक अभिनंदन, समस्त मित्रपरिवार, पिंपळी.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. समस्त मित्रपरिवार म्हणजे तो एकटाच. जगातल्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात माणसं तलवारी खाली ठेवून पिंपळीच्या सोसायटीचा निकाल वाचत बसली असतील. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते.

माझी बारी मी तशीच बसून काढली. बॅच आली, तिला टायपिंगला बसवलं. दहाला तो आला, हातात पेढ्यांचा पुडा.

“मॅडम, पेढा घ्या. दादा बिनविरोध आला.”

“पानं कुठं गेली?”

“उडवली की! लई भारी झालं. पार अमेरिकेत बातमी गेली.”

“ती घरासाठी होती. मी पाडलेली होती. तुमी हो म्हनला होता.”

पोरं टायपिंग थांबवून बघायला लागली. त्याला ते झोंबलं असावं, कारण त्यानं पुडा टेबलावर ठेवला आणि आवाज चढवला. “बारी कुनाची हुती शनवारी? माजी. हिरीवानी बारी धरू, असं कोन म्हनलं हुतं? तुमीच. मग हिरीचा कायदा ठावा पायजे. ज्याची बारी त्याचं पानी. तळ दिसंस्तवर उपसायचं. म्होरल्याच्या बारीला पानी राखून ठिवनारा एक तरी बागायतदार दावा मला.”

मी काही बोलणार, तेवढ्यात तो हसला. म्हणाला, “तुमचा तरी काय दोष, मॅडम. तुमच्यात हीर हाय कुठं?”

तो खरं बोलत होता. विहिरीचा कायदा तोच आहे. मी नंतर दोघातिघांना विचारलं, सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि एवढंही माहीत नाही का म्हणून माझ्याकडं बघितलं. आमच्यात विहीर नव्हती. मी लहानपणी विहिरी बघितल्या त्या बाहेरून, कळपाबरोबर उभी राहून. आबा पागोट्याला हात लावून विचारायचे, आणि मालकाचं भिजवून झालं की कुंडीत जे उरलं असेल ते आमच्या मेंढरांना मिळायचं. आम्हाला नेहमी मागं राहिलेलंच पाणी मिळालं. म्हणून मला वाटत आलं की मागं थोडं राखणं हाच बारीचा नियम असतो.

मंगळवारी सकाळी बारी माझी होती. मी कायदा शिकले होते, तो पाळला. पैलवानाची तलवार पहिल्याच दिवशी खेळायला आलेल्या एका पोराला देऊन टाकली. चिलखत नदीत सोडलं. सोन्याची नाणी, भाच्यानं सात महिने जपलेली, गावच्या कारंज्यात एकेक करून टाकली, आणि त्यात मला वेळ लागला तो मी आनंदानं दिला. मिशा काढता येत नव्हत्या, नाहीतर त्याही काढल्या असत्या. मग उघड्या पैलवानाला भाच्याच्याच लाडक्या गुहेच्या तोंडाशी नेऊन उभं केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. आतून काय आलं ते मी नीट वाचलंही नाही. पैलवान मेला.

संध्याकाळी तो ओरडायला लागला तेव्हा मी चपला घालत होते. म्हणाले, “बारी माजी हुती.”

त्यानं मामाच्या कानाला लागून इंटरनेट बंद करवलं. सर मला म्हणाले, “मॅडम, तुमी शिकलेल्या. तुमच्याकडनं ही अपेक्षा न्हवती.” भाच्याकडून काय अपेक्षा होती ते त्यांनी सांगितलं नाही. मी वर्षअखेरपर्यंत तिथं टायपिंग शिकवलं आणि त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. समाधान वाटलं का? वाटलं. दोनेक दिवस टिकलं. मग घरात भांडी आपटायला लागले.

एका संध्याकाळी आबांनी विचारलं, “पोरी, कुनाचा राग भांड्यावर काढतीस?” ते अंगणात शेळीला पाला टाकत होते. मी जमेल तसं सांगितलं. खेळ त्यांना कळला नाही, विहीर लगेच कळली.  ते म्हणाले, “काय लिवलं हुतंस ते तर वाच.”

मी हजेरीवही आणली आणि बारा ओळी मराठीत सांगितल्या. आबा पाला हातात धरून तसेच ऐकत राहिले. जाळीला मान हलवली. चुलीला हलवली. कोकरांच्या कालव्याला डोळे पुसले, आणि मला बरं वाटलं. शेवटची ओळ झाली तरी ते थांबूनच होते.

“आनि कुत्रं?”

“काय कुत्रं?”

“कुत्रं कुठं लिवलंस?”

मी वही वरपासून खालपर्यंत बघितली. कुत्रं नव्हतं. “बाराच ओळींची जागा होती, आबा.”

“मग दुसरं कायतरी काडायचं,” ते म्हणाले. “पोरी, कुत्रं असलं की मानूस झोपला तरी वाडा ऱ्हातो. कुत्र्याबिगार वाडा म्हंजी लांडग्याला वाढलेलं ताट.” आणि उरलेला पाला शेळीपुढं टाकून ते हात धुवायला गेले.

मी पेन घेतलं. येणाऱ्याजाणाऱ्याला इथं पाणी आहे, ही ओळ खोडली, आणि तिथं कुत्रं बांधलं.