तळाच्या मनुका

ओव्हन तापायला दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसतो आणि भिंतीला डोकं टेकवतो. दुपारचे तीन वाजलेत. काळी पडलेली केळी कुस्करून झालीत, त्यात कणीक, गूळ, अक्रोड, तीळ, भोपळ्याच्या बिया सगळं गेलंय. मनुका आणि अंजिराच्या तुकड्यांना मात्र कोरडं पीठ चोळून वेगळं ठेवलंय, म्हणजे ते केकच्या तळाला जाऊन बसत नाहीत. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ते काही उगाच नाही. डोळे जड होतात.

"सरका जरा," कुमुद म्हणते.

मी सरकतो. माझ्या बायकोला जाऊन आठ महिने झालेत, हे मला ठाऊक आहे, पण तिच्या तोंडावर ते बोलणं बरं दिसत नाही. ती फडताळ उघडते. आत डबे नाहीत, आमची फैजपूरची केळीची बाग आहे. ती पुढे, मी मागे. पानांखालून गरम वाफ येते आणि तिला गुळाचा वास आहे. चार पावलांवर शाळेची प्रयोगशाळा लागते. टेबलावर केक आहे, माझ्या हातात लाल पेन.

"खाऊन सांगा, कसा झालाय?"

या प्रश्नाची मी आठ महिने वाट पाहिलीय. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिनं असाच केक केला होता आणि मी म्हणालो होतो, "मेवा परत तळाला बसलाय." त्यानंतर तिनं काही केलं नाही, मला काही बोलता आलं नाही. आमच्या घरात कौतुकाची पद्धतच नाही. वडील वरणात मीठ कमी आहे म्हणायचे आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. मी त्यांचाच मुलगा. पण आज नीट बोलायचं ठरवून मी घास गिळतो.

"मेवा तळाला बसलाय," माझं तोंड म्हणतं.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. कुमुद हसते आणि हातातलं पेन काढून घेते.

"पीठ चोळलं की बसत नाही, हे मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?"

"मग चोळायचं ना."

"तुम्ही वरचा भाग रेवतीच्या ताटलीत ढकलायचात आणि तळ तेवढा खायचात. पोरगी लहान होती तेव्हापासून. म्हणून सगळं तळाला जाऊ द्यायचे मी."

"आणि माझी बोलणी ऐकून घ्यायचीस?"

"तोंड भरलेलं असायचं हो तुमचं. अर्धं कळायचंही नाही."

आता ती दवाखान्यातल्या खाटेवर बसली आहे, घरातली साडी नेसून, पाय हलवत. सलाईनच्या दांडीला केळीचा घड टांगलाय. मला वाटतं, आता नर्स येईल आणि मला बाहेर काढेल.

"कुमुद, चांगला व्हायचा गं," मी घाईघाईनं म्हणतो. "दर वेळी चांगला व्हायचा." आणि मला रडू येतं, शाळेतल्या पोरांसमोर कधी आलं नाही तसं.

"ते कळायचं मला," ती म्हणते. "पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटलं."

ती केकच्या तळातून काहीतरी खुडते, माझ्या तळहातावर ठेवते आणि माझी मूठ मिटवते. तिची बोटं गरम आहेत.

ओव्हनची घंटी वाजते. मी स्टुलावरच आहे, मान अवघडलेली. ओट्यावरच्या वाडग्यात मनुका पिठानं पांढऱ्याफटक पडल्यात, मी ठेवल्या तशाच. माझी उजवी मूठ मिटलेली आहे. उघडून बघतो तर आत एक मनुका, काळी, चिकट, अजून गरम. तिला पिठाचा कणही लागलेला नाही.

मी ती तोंडात टाकतो. मग वाडग्यातलं सगळं चाळणीत ओततो आणि नळ सोडून पीठ धुऊन काढतो.