दादाच्या उरलेल्या गोळ्या

मित्रांनो, आज दुपारी महाडच्या दवाखान्यात मी डॉक्टरांवर आवाज चढवला आणि दोन मिनिटांत माझीच मान खाली गेली.

कुडपणच्या एका मावशींना लघवीला जळजळ होती, अंगात कणकण होती. नाव लिहीत नाही. त्यांची मुलगी मला आवडते, हे अर्ध्या पोलादपूरला माहीत आहे. परवा मी ऐटीत त्यांना तीन गोळ्या नेऊन दिल्या. मुंबईला असलेल्या माझ्या दादाचा घसा धरला होता, तेव्हाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या. आमच्याकडे मुंबईकरांच्या पिशवीत खाऊबरोबर अशी औषधंही येतात.

आज मावशी थंडीतापानं कुडकुडत होत्या आणि डॉक्टर प्रश्नच विचारत होते. माझं डोकं फिरलं. "मोठं इंजेक्शन द्या ना, विचारत काय बसलात?"

"आधी काही गोळ्या घेतल्यात का?"

मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाय, काय नाय घेतलं."

मला वाचवत होत्या. मी पुढे झालो. "मीच दिल्या. घशाच्या."

डॉक्टर म्हणाले, "घशाला लागू पडलं ते लघवीच्या जंतूंना पडेलच असं नाही. आणि अर्धवट औषधानं आता तपासणीतही जंतू सापडेल की नाही, सांगता येत नाही."

बाहेर मावशींची मुलगी एवढंच बोलली, "आई खोटं बोलली रे, तुझ्यासाठी."

मावशींना दाखल करून घेतलंय, अजून तिथेच आहेत.

तुम्हीही उरलेली गोळी कुणाला दिली असेल. त्या माणसाला आज फोन करून विचाराल का, बरं वाटलं का म्हणून?